आजची किक कुणाची

पोतनीस भाऊजींच्या मोटरसायकलला आमचे हे म्हैस म्हणायचे. मी म्हणायची, म्हैस निदान दूध तरी देते.

दिल्लीत तिमारपूरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये शांताराम पोतनीस आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. मूळचे साताऱ्याकडचे, बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन, ह्यांचे जुने दोस्त, ह्यांना नुसतं 'विनय' म्हणणारे. लग्न राहून गेलेलं. आधी आईचं आजारपण, मग बहिणीचं लग्न, आणि तोवर त्यांना स्थळ सुचवायचं लोकांनी सोडून दिलं होतं. त्यांच्या घरात होतं काय, तर एक खाट, एक स्टोव्ह, पेल्यांचा सेट आणि खाली चौकात ती म्हैस.

गाडी परदेशी होती. चाणक्यपुरीतल्या कुठल्याशा वकिलातीतला एक तरुण मायदेशी परत जाताना विकून गेला होता. रस्त्यावर चालवायची ती नव्हतीच, डोंगरातल्या मातीत उड्या मारायला केलेली. उंच, हाडकुळी, टायरांना हे मोठाले दात, सायलेन्सर वर मांडीपाशी चढवलेला. पेट्रोलमध्ये ऑइल हातानं मिसळावं लागायचं. असल्या गाडीवर हा गृहस्थ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हँडलला डबा अडकवून ऑफिसला जायचा. रविवारी मात्र रिजच्या टेकडीवरल्या जंगलातल्या पायवाटांवर फिरून डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखून परतायचा, आणि तेव्हा भाऊजींचा चेहरा अगदी बघण्यासारखा असायचा.

ऑफिसला जायचं, पण आधी ती सुरू तर व्हायला हवी ना! रोज सकाळी भाऊजी गाडी चौकात उभी करायचे, किकचा दांडा बाहेर काढायचे आणि मारायचे. फट्. परत फट्. कधी दांडा उलटा उसळायचा, पोटरीवर बसला की दोन दिवस लंगडणं आलं. मग समोरून आहूजाजी यायचे, "हटो यार, तुमसे नहीं होगा." शेजारचे बिस्वासबाबू माकडटोपी सावरत यायचे. आमचे हे गालावरचा साबण तसाच ठेवून. एकेकानं पाळीपाळीनं किक मारायची. मधेच भाऊजी "थांबा, कार्बोरेटर बघतो" म्हणून गाडीच्या पलीकडे वाकायचे, की पुन्हा सगळे सुरू. आम्ही बायका दारात उभ्या राहून सल्ले द्यायचो आणि ते कुणी ऐकायचं नाही. एकदाचं ते धूड भडभडून सुरू झालं की चौकभर निळा धूर, आणि भाऊजी चहाचं पातेलं घेऊन खाली हजर. ज्याच्या किकला गाडी सुरू झाली त्याला पहिला पेला, आणि मागे बसून चार्टर्ड बसच्या स्टॉपपर्यंत सवारी. त्या सवारीसाठी चांगली पोराबाळांची माणसं एकमेकांना ढकलायची. आजची किक कुणाची, हे क्वार्टर्समध्ये बातम्यांच्या आधी कळायचं.

खुद्द भाऊजींच्या किकला चौकात ती कधी सुरू झाली नाही. लोक त्यांची टिंगल करायचे. ते म्हणायचे, "तिला मी आवडत नाही हो, हेमलतावहिनी."

अपवाद फक्त हे हिंदूराव हॉस्पिटलात ॲडमिट होते त्या दिवसांचा. भाऊजी दोन्ही वेळा मला मागे बसवून डबा घेऊन जायचे. तेव्हा चौकात कुणाला हाक मारावी लागली नाही, गाडी पहिल्या किकला सुरू व्हायची. मला वाटलं, देवाला दया आली. पण ती गाडीपुरतीच आली असावी. हे घरी परतले नाहीत.

नव्वदनंतर सगळं भराभर बदललं. खात्यातल्या लोकांनी मिळून काढलेल्या सोसायटीचे फ्लॅट नोएडात उभे राहिले. पण आहूजाजी मुलाकडे रोहिणीला गेले, बिस्वासबाबू कलकत्त्याला, आणखी कितीतरी जणांनी फ्लॅट विकून टाकले आणि भलतीच माणसं राहायला आली. जुन्यांपैकी मी आणि भाऊजी उरलो. मी चौथ्या मजल्यावर, ते समोरच्या टॉवरमध्ये. माझा मुलगा अमोल मानेसरच्या कारखान्यात. कंपनीच्या बसनं अंधारात जायचा, अंधारात यायचा आणि रविवारी झोपायचा. सून गुणाची, पण तिचंही ऑफिस. दिवसभर मी आणि माझी बाल्कनी. कोथिंबीर निवडायची आणि खाली बघायचं.

रिटायर झाल्यावर भाऊजींना कुठे जायचं नव्हतं, तरी रविवारी सकाळी ते म्हशीला पार्किंगमधून बाहेर काढायचे. शेजारी पिशवीत थर्मास आणि सहा पेले. मग किक. फट्. फट्. लोक लिफ्टमधून यायचे, आपापल्या नव्या गाडीत बसायचे, किल्ली फिरवायचे, काचा वर करायचे आणि निघून जायचे. कुणी "हटो यार" म्हटलं नाही. दर चार किकांनंतर भाऊजी लिफ्टच्या दाराकडे बघायचे. शेवटी एकट्यासाठी एक पेला ओतायचे.

मी वरून बघायची आणि चिडायची. साठी उलटलेल्या माणसानं घामाघूम होऊन काय मिळवायचं असतं? इंटरकॉमवर सांगायची, "भाऊजी, विकून टाका की ती म्हैस!"

"बघू, वहिनी. आज जरा जवळ आली होती."

मग एका रविवारी मला ते दिसलं. एरवी तोवर मी कुकर लावायला आत गेलेली असायची. त्या दिवशी अमोल आणि सून बाहेर जेवणार होते, एकटीसाठी काय शिजवायचं म्हणून बाल्कनीतच बसून राहिले. खाली भाऊजींनी थर्मास बंद केला, इकडेतिकडे बघितलं आणि टाकीखाली हात घालून काहीतरी फिरवलं. जरा थांबले. मग हलकीशी एक किक मारली. गाडी सुरू! त्यांनी थोडा वेळ तिचा आवाज ऐकला, परत टाकीखाली हात घातला, आणि थोड्या वेळानं गाडी आपोआप बंद पडली. हा आवाज मी दर रविवारी ऐकत होते आणि कुणाचातरी जनरेटर समजत होते.

आमच्या घरात वर्षानुवर्षं स्कूटर होती. पेट्रोलचा नॉब म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. नॉब बंद केला की आतलं उरलंसुरलं पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालते, मग थांबते. पुढच्या वेळी नॉब न उघडता किक मारा, हवी तेवढी मारा, फट् याखेरीज काही व्हायचं नाही. तिमारपूरला आम्ही सगळे किकच्या बाजूला उभे असायचो. नॉब पलीकडच्या बाजूला, जिथे भाऊजी "कार्बोरेटर बघायला" वाकायचे.

आणि मग मला एकेक सकाळ आठवायला लागली. बिस्वासबाबूंच्या मुलीचा मेडिकलचा नंबर हुकला, दुसऱ्या दिवशी किक बिस्वासबाबूंची. आहूजाजींची आई गेली, तेराव्यानंतर ते खाली आले, किक आहूजाजींची. ह्यांचं प्रमोशन डावललं गेलं आणि रात्री हे जेवले नाहीत. सकाळी मी बळेबळे चौकात पाठवलं. ह्यांची किक म्हणजे मांजराचा पाय, तरी गाडी सुरू झाली. स्टॉपकडे जाताना मागच्या सीटवरून वळून हे माझ्याकडे बघून हसले होते. मी बाल्कनीत बसून रडले. भाऊजींचा रागही आला. वीस वर्षं सगळ्या चौकाला बनवलं या माणसानं! आणि आता तोच जुना डाव खेळत बसलाय, खेळायला दुसरं कुणी नसताना.

मी कुणाला काही बोलले नाही. पण पुढच्याच महिन्यात लिफ्टपाशी नोटीस लागली. बंद पडलेली वाहनं काढून टाकावीत, ती जागा नव्या गाड्यांना हवी आहे. रविवारी सेक्रेटरी कमिटीच्या चारपाच जणांना घेऊन स्वतः बघायला आले. म्हणजे म्हशीभोवती माणसं जमली! भाऊजींनी दोनचार किका मारल्या आणि बाजूला झाले. "आइए, आप भी ट्राय कीजिए." आधी सगळे संकोचले. मग एकानं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि मारली. फट्. दुसरा हसला आणि म्हणाला, "ऐसे नहीं यार, हटो!"

भाऊजींच्या खांद्यात एकदम जीव आला, तो मला चौथ्या मजल्यावरून दिसला. पेले भरले गेले. सेक्रेटरींनीही दोन किका मारल्या आणि पोटरीवर दांडा खाल्ला. मी कठड्याला धरून पुटपुटत होते, उघडा हो भाऊजी, आता तरी नॉब उघडा. गाडी जाईल. पण त्यांचा हात टाकीखाली गेला नाही. सुरू झाली असती तर सगळे निघून गेले असते ना.

दुपारी त्यांनीच इंटरकॉम केला. आवाज कितीतरी वर्षांनी मोकळा होता. "वहिनी, सेक्रेटरी म्हणाले, अगले संडे फिर देखते हैं. बूट घालून येणार म्हणाले. भले माणूस आहेत."

तिमारपूरला कुणी उद्या येतो म्हटलं की उद्या यायचं. मी त्यांना काय सांगणार?

पुढच्या रविवारी म्हैस धुऊनपुसून उभी. थर्मास, सहा पेले. भाऊजींनी शर्टाला इस्त्री केली होती. कुणी आलं नाही. बऱ्याच वेळानं गेटवरचा गार्ड आला आणि म्हणाला, "साहब, सेक्रेटरी साहब ने बोला है, दोपहर को कबाड़ीवाला आएगा." ते वर माझ्यापर्यंत ऐकू आलं. भाऊजींनी मान हलवली आणि परत किक मारली. फट्. लिफ्टच्या दाराकडे बघितलं. परत फट्.

मी आहे त्या चपलांनी खाली गेले.

"काहीतरी काम निघालं असेल त्यांचं," मला बघताच भाऊजी म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघितलं, बराच वेळ. "वहिनी, आज तुम्ही मारा."

"मी? साडी नेसून?"

"मारा हो. अगदी जवळ आलीये." आणि त्यांचा हात टाकीखाली गेला.

ही किक कुणाला मिळते, ते आता मला माहीत होतं. मी वरून त्यांची कीव करत होते. आणि ते खालून दर रविवारी, कोथिंबिरीची ताटली घेऊन एकट्या बसलेल्या मला बघत होते.

मी त्यांचं मनगट धरलं. "नॉब राहू द्या उघडा. पण किक तुमची. वरून सगळं दिसतं, भाऊजी."

भाऊजींनी नॉबवरचा हात काढून घेतला. मग हळूच विचारलं, "विनयला माहीत होतं?"

"नाही. हे त्या दिवशी खरंच खूश होते."

भाऊजींनी डोळे पुसले, पाय दांड्यावर ठेवला आणि किक मारली. एकच. म्हैस भडभडून उठली. निळा धूर सगळ्या पार्किंगमध्ये पसरला. गार्ड हसतहसत इंटरकॉमकडे धावला, "चल गई साहब! कबाड़ीवाले को मना कर दो!" भाऊजींनी गाडी लगेच बंद केली नाही. आम्ही दोघं लिफ्टच्या दाराकडे बघत उभे राहिलो. वर दोनतीन खिडक्या उघडल्या आणि धूर बघून लागल्या. खाली कुणी आलं नाही.

पहिला पेला मी भरून त्यांच्या हातात दिला, दुसरा मी घेतला. बाकीचे चार पिशवीतच राहिले. चहा चांगला कडक होता, आलं घातलेला, तिमारपूरसारखाच.

"आता पुढच्या रविवारी काय करायचं?" भाऊजींनी विचारलं. "नॉब उघडाच ठेवू का?"

"बंद ठेवा," मी म्हटलं. "मी येते खाली."