सातवा रकाना

चूक माझी, हे आधीच कबूल करतो. मामाच्या पोरीसाठी टेनिस क्लबाचा अर्ज मी भरला, त्यात सातवा रकाना होता, वडिलांचा व्यवसाय. मामा म्हणाला होता, "तिथे काहीतरी मोघम लिही." पण आमच्या शाळेत रकाना मोघम भरला की गुरुजी पट्टी उगारायचे. त्या संस्कारांना जागून मी वळणदार अक्षरात लिहिलं, 'आपल्याच क्लबाच्या रॅकेटना जाळी विणतात.' वर 'आपल्याच'! जणू सोयरीक जुळवायला निघालो होतो.

मामाची खोली क्लबाच्या मागच्या फाटकाला लागून. एक यंत्र, एक स्टूल, खिळ्यांना टांगलेल्या रॅकेट. वीस वर्षं तिथे त्याची बोटं सोलली जात होती, पण कोर्टावर पाय पडला नव्हता. पोरगी मात्र गोदामाच्या भिंतीशी खेळून अशी तयार झाली होती, की भिंतीचा गिलावा पडायचा, तिचा चेंडू पडायचा नाही. रविवारी क्लबात मुलांची निवड होती. मामाने स्वतःच्या दाढेचं दुखणं पुढे ढकलून तिला पांढरे बूट घेतले.

शुक्रवारी सेक्रेटरी रॅकेट घेऊन खोलीच्या दारात आले. आत यायची त्यांची पद्धत नव्हती.

"अरे, तू तर घरचा माणूस! घरच्या माणसाने अर्ज कसला करायचा?"

"मग खेळू द्या की पोरीला, साहेब."

"तसं नाही रे. मेंबरांची मुलं असतात. तुलाच अवघडल्यासारखं होईल."

किती ही काळजी! मामाने अवघडायचं कधी, हेसुद्धा क्लबच ठरवत होता.

"अर्जाची फी?"

"ती परत मिळत नाही. नियम आहे. बरं, उद्या माझी फायनल. नेहमीसारखी जाळी साठ पौंडांवर ताण. सैल जाळी लेच्यापेच्यांना."

आता आतली गोष्ट. साठाचा ताण त्या लोण्याच्या हाताला कधीच झेपला नसता. म्हणून मामा दर वेळी यंत्राचा काटा अठ्ठेचाळीसवर ठेवायचा आणि साठ सांगायचा. सैल जाळी चेंडू आपोआप लांब फेकते. क्लबात कौतुक मात्र साहेबांच्या मनगटाचं.

"आजपण दया करणार?" मामीने विचारलं.

"नाही. आज सांगितलं तेवढंच काम."

मामाने काटा साठावर नेला. पोरगी बूट मांडीवर घेऊन बघत होती.

"बाबा, बूट दुकानवाला परत घेईल?"

"घाल ते. भिंतीला चालतात."

फायनलमध्ये साहेबांचे चेंडू एकामागून एक नेटमध्ये जाऊन बसले. दुसऱ्या सेटला त्यांनी कोपर धरलं. सोमवारी ते मामाच्या खोलीत चक्क आत शिरले. दारात तीन मेंबर आपापल्या रॅकेट न्यायला उभे होते.

"काय केलंस रॅकेटला?"

"साठावर ताणली, साहेब. आजवर अठ्ठेचाळीसच देत होतो. तुमच्या हाताला सोसवावं म्हणून."

दारातले तिघे खिदळले.

"उद्यापासून तुझं काम बंद!"

"बरं. मग जाता जाता या तिघांचेही खरे आकडे सांगून जातो."

खिदळणं जागच्या जागी थांबलं. तिघांनी साहेबांना दंडाला धरून बाहेर नेलं. मामाचं काम चालूच आहे. असल्या शूरांना दुसरा जाळीवाला परवडणारच नाही.

निवडीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पोरगी भिंतीशीच खेळते. बूट आता पांढरे राहिले नाहीत. अर्जाची फी मी भरून देतो, असं तेव्हा ऐटीत म्हणालो होतो. मामा मागत नाही. मी दिसलो की फक्त विचारतो, "काय लेखनिक, आज कुणाचा रकाना?" मी खिसे चाचपतो आणि पुढच्या महिन्याचं बोलतो.