पंपाचं बटण

तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित हे जमेल. ज्यांना ओळखतो त्यांच्यापैकी कुणाच्याही कानावर मी हे घातलेलं नाही — भावाच्या नाही, मित्रांच्या नाही, देवासमोर उभा राहिलो तरी हा विषय आला की मी घाईघाईनं घंटा वाजवून मोकळा होतो. आणि मंदाला, माझ्या बायकोला, तर नाहीच नाही. खरं म्हणजे सगळ्यात आधी तिलाच सांगायला हवं होतं. पण थांबा, ते पुढं येईल. सरळ मुद्द्यावर येणं मला आयुष्यात कधी जमलं नाही, आज एकदम कसं जमेल?

गोष्ट उन्हाळ्याची आहे. जबलपूरचा मे महिना तुम्ही काढलाय का कधी? नसेल तर सांगतो — सकाळी नऊला रस्ता डोळ्यांत घुसतो, दुपारी स्कूटरच्या सीटला हात लावायची सोय नसते, आणि नौतपा लागला, म्हणजे ते सगळ्यात जास्त तापणारे नऊ दिवस सुरू झाले, की गावच्या गाव दारं लावून आत पडून राहतं. बाहेर लू, म्हणजे अंग भाजून काढणारा वारा, वाहते. ती लागू नये म्हणून माणसं खिशात कांदा ठेवून फिरतात. कांद्यानं काय होतं कोण जाणे, पण आमच्याकडं सगळे ठेवतात, आम्हीही ठेवायचो.

आम्ही तेव्हा गढा नावाच्या जुन्या वस्तीत राहायचो, भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर. वर गच्चीच, म्हणजे छत तापायचं ते थेट आमच्या डोक्यावर. बाबा आमच्याजवळ होते. ते खमरियाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. सगळी उमर तिथल्या क्वार्टरमध्ये, कडुलिंबाच्या सावलीत काढलेली. गढ्यातल्या त्या खोलीत ते कधी रमले नाहीत, पण तक्रार त्यांच्या स्वभावात नव्हती. डोळ्यांत मोतीबिंदू, कानानं कमी ऐकू यायचं. मंदा सरकारी ऑफिसात होती, तिला सुट्टी नाही. मी राइट टाउनमधल्या एका शाळेत शिकवायचो, मला उन्हाळ्याची भरपूर सुट्टी. म्हणजे दुपारी घरात आम्ही दोघंच — बाबा आणि मी.

आणि दोन कूलर. एक बाबांच्या खिडकीला, एक आमच्या खोलीत.

कूलरचं तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. कूलरमध्ये पंखा असतो आणि खाली पाण्यात एक छोटा पंप. पंप पाणी वर चढवतो, गवताच्या जाळ्या भिजतात, आणि त्या ओल्या जाळ्यांतून पंखा हवा ओढतो. म्हणून ती गार येते. पंप बंद असला तर? तर पंखा घरघरतच राहतो, आवाज तसाच, वारा तसाच — फक्त तो वारा म्हणजे बाहेरची लू असते, सरळ अंगावर ओढून घेतलेली. बाबांच्या खोलीत खिडकीजवळ प्लग नव्हता, म्हणून त्या कूलरचा बोर्ड मी बाहेर बोळात बसवून घेतला होता. त्यावर दोन बटणं होती. एक पंख्याचं, एक पंपाचं.

आता पाण्याचं. नर्मदा एवढी जवळ, पण आमच्या नळाला सकाळी थोडा वेळ धार यायची आणि मग ठणठणाट. दुपारपर्यंत वरची टाकी रिकामी. कूलरसाठी खालच्या हौदातून बादल्या भरून वर आणाव्या लागायच्या, त्या अंधाऱ्या जिन्यानं, घाम पुसत. बाबांची खिडकी पश्चिमेची, त्यांचा कूलर पाणी नुसता गटागटा प्यायचा. दोन्ही कूलर भरायचे तर दुपारची झोप गेलीच म्हणून समजा.

आलं ना लक्षात? मला वाटतं आलं असेल. तरी मीच सांगतो, तुमच्यावर ढकलत नाही.

एक दिवस मी बाबांच्या कूलरचा पंप बंद केला. थोड्या वेळापुरता म्हणून. जिन्याकडं बघूनच जिवावर आलं होतं. बोळातून जाता जाता बोट लावलं आणि आमच्या खोलीत जाऊन गार हवेत आडवा झालो. उठल्यावर बघितलं तर त्यांच्या कूलरमध्ये पाणी जसंच्या तसं. मला केवढा आनंद झाला! खोटं सांगत नाही, आनंदच झाला, जणू काही मोठी युक्ती सापडली. मंदा ऑफिसातून यायच्या आत मी बटण परत दाबलं, ती आली तेव्हा जाळ्या ओल्या आणि हवा गार. मग दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच. पाणी एकाच कूलरला पुरेल एवढं वर आणायचो, आणि तो कूलर माझा असायचा.

बाबांना कळलं नाही असं समजू नका. त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं, पंपाचं पाणी झिरपताना ऐकू येत नव्हतं, पण कातडी तर होती ना? एकदा हाक मारून म्हणाले, "अरे, हवा गरम येऊन राहिली रे. पंप पाह्य बरं एकदा, कचरा अडकला असंल."

मी त्यांच्या खोलीत गेलो. कूलरपाशी उभा राहिलो, झाकणावर दोनदा हात आपटला, खडखड केली. आणि म्हणालो, "पाहिला बाबा, ठीक आहे पंप. बाहेरच लू चालू आहे, तो तरी काय करेल?"

"अच्छा," ते म्हणाले. "बरं बरं. जा, झोप तू."

पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. बनियन काढून, ओला पंचा छातीवर पसरून ते पडून राहायचे. तो पंचा वाळून कडक व्हायचा. मी बघितलाय तो. बघून दार लोटून घ्यायचो.

त्या दिवशी मंदानं सकाळी नेहमीसारखा बाबांच्या खिशात कांदा ठेवला, कैरीचं पन्हं करून त्यांच्या उशाशी झाकून ठेवलं. खालचा रस्ता खोदून ठेवला होता, धूळ उडत होती, म्हणून ऑफिसला निघताना तिनं त्यांच्या खोलीची समोरची, रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. मी दुपारी पंपाचं बटण बंद केलं, दार लोटलं आणि झोपलो. माझ्या कूलरचा आवाज मोठा होता. बाबांनी हाक मारली असेल का? पन्हं हाताला लागलं नसेल का? मला माहीत नाही. आता कधी कळणारही नाही. ऐकू येऊ नये अशी सगळी व्यवस्था मीच तर केली होती.

मंदा त्या दिवशी लवकर आली. तिनं "बाबा, बाबा" असा टाहो फोडला आणि मला जाग आली.

इथं मी बराच वेळ थांबलो होतो. इथून परत फिरावं असं वाटत होतं. पण ज्यासाठी लिहायला बसलो ते हेच आहे. जाग आल्याबरोबर माझ्या लक्षात सगळं आलं. मी धावलो — पण बाबांकडं नाही. आधी बोळातल्या बोर्डाकडं. पंपाचं बटण दाबलं. मग आत गेलो. बाप तिथं तापलेल्या अंगानं बेशुद्ध पडलेला, आणि त्याच्या मुलाचा हात सगळ्यात आधी कुठं गेला, तर बटणाकडं.

त्यांच्या अंगाला घामाचा थेंब नव्हता. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते गेले. लू लागली, डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं. नर्मदेच्या ग्वारीघाटावर अस्थी सोडायला पाण्यात उतरलो तेव्हा पाणी पायांना गार लागलं. बरं वाटलं. मग बरं वाटल्याची इतकी किळस आली की तिथंच बसून राहिलो, आणि लोक म्हणाले, बापावर फार जीव होता याचा.

घरी माणसं येऊन बसायची. मंदा एकच सांगायची — मी खोलीत पाय टाकला तर आत भट्टी पेटल्यासारखं, कूलर चालू असून. मग खिडकीकडं नजर गेली, ती बंद. हवा बाहेर जायला जागाच नाही. शेजारच्या चाची चुकचुकत म्हणाल्या, "अरे, खिड़की बंद थी? फिर कूलर बेचारा क्या करता!" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मंदानं ते असं ऐकलं, जसा निकाल ऐकावा.

"काहून बंद केली मी खिडकी?" ती माझ्याकडं बघून म्हणाली. "थोडी धूळ आली असती तर काय झालं असतं? काहून बंद केली मी?"

एक वाक्य पुरलं असतं. खिडकीनं काही झालं नाही मंदा, पंप मी बंद केला होता. एवढंच. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, "होतं असं. तू मुद्दाम थोडीच केलं." ऐकलंत? मी तिला माफ केलं. मी, तिला!

ज्या बाईनं माझ्या बापाच्या खिशात रोज ताजा कांदा ठेवला, तिला मी हे ओझं बारा महिने, तेरा काळ वाहायला दिलं. ती पहिल्यासारखी राहिली नाही. हसायची कमी झाली, मग हसेनाशीच झाली. नातेवाइकांत कुणी लू लागल्याची गोष्ट काढली की ती उठून आत जाते. मी बसून राहतो, चहा पितो. किती वेळा संधी आली म्हणून सांगू? प्रत्येक उन्हाळ्यात आली. आधी वाटायचं, आत्ता दुःख ताजं आहे, नंतर सांगू. नंतर वाटलं, आता खपली धरली आहे, कशाला काढायची. भ्याड माणसाला कारणांचा कधी तुटवडा पडत नाही.

आता आम्ही दुसऱ्या घरात राहतो. एसी घेतला आहे. एसीला खिडक्या बंद लागतात, आणि मंदाला बंद खिडकी सहन होत नाही. दुपारी एसी चालू असला, की ती उठते आणि खिडकी उघडते. बाहेरची आग आत येते. सुरुवातीला मी तिच्यावर ओरडायचो — वेड लागलंय का, एवढी वीज जळते आहे! खरंच ओरडायचो, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा. ती खिडकी लावायची आणि भिंतीला टेकून दाराकडं बघत बसायची.

आजही नौतपा चालू आहे. आज दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही आडवे झालो. थोड्या वेळानं ती उठली, कडी काढली. पडदा फुगला आणि लूचा झोत माझ्या तोंडावर आला.

"बंद खोलीत जीव घाबरून राहिला माझा," ती म्हणाली. "थोडीच उघडते. चालेल ना?"

मी तिच्याकडं बघितलं. केस पांढरे झालेत तिचे.

"उघड," मी म्हणालो. रिमोट उचलून एसी आणखी गार केला आणि भिंतीकडं तोंड करून झोपलो.