ट्रॅव्हल्सवाल्याला आहेर

ट्रॅव्हल्सवाल्याला कुणी आहेर करतं का? माझं म्हणणं एवढंच होतं आणि ते मी घरात चारदा बोलून दाखवलं. एसटीच्या ड्रायव्हरला आपण आहेर करत नाही. दात काढणाऱ्या डॉक्टरला नारळ देत नाही. मग ज्यानं पैसे घेऊन माणूस काशीला नेलं आणि परत आणलं, त्याचा एवढा मान कशासाठी? त्याचं कामच ते. जन्मभर साताऱ्याच्या हायस्कुलात गणित शिकवलं, त्यामुळं असे मुद्दे मला चटकन सुचतात आणि सुचले की ते बरोबरच आहेत असंही वाटतं.

आई तेव्हा एक्क्याऐंशीची. वडील जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांच्या पाठीमागं तिनं एकच धोसरा काढला होता, मला काशी करायचीय. "तू येतोस का?" असं तिनं मला एकदाच विचारलं. मी म्हटलं, माझ्या पाठीला एवढा बसचा प्रवास झेपायचा नाही. पाठीचं खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. मला त्या धर्मशाळा नको होत्या, आंघोळीच्या रांगा नको होत्या आणि गाडीभर म्हाताऱ्यांची भजनं नको होती. तिच्या ते ध्यानात आलं असणार. तिनं पुन्हा विचारलं नाही.

साताऱ्यातल्या दोन ट्रॅव्हल्सवाल्यांनी वय ऐकूनच हात झटकले. शेवटी कुणीतरी सांगलीच्या एका माणसाचा नंबर दिला. स्टँडजवळ एका गाळ्यात त्याचं ऑफिस. माणूस मूळचा आटपाडीकडचा, घरची मेंढरं, बाप अजून मेंढरांमागं फिरणारा. फोनवर त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "सर, आजी चालत्यात न्हवं?"

"घरात चालते. पायऱ्या जमत नाहीत," मी म्हणालो.

"मग पायऱ्यांचं आमी बघतो. पाठवा."

काशीत पोचल्यावर दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. आवाज असा की सोळा वर्षांची पोरगी बोलतेय. "अरे, त्यानं मला पाठुंगळी घेतलं. घाटाच्या सगळ्या पायऱ्या. मी म्हटलं, बाबा, लोक हसतील. तर म्हणतो कसा, आजी, मेंढरू दमलं की खांद्यावर घ्यायचं, आमाला एवढंच शिकवलंय." तीन दिवस तिथं मुक्काम होता आणि तिन्ही दिवस त्यानं तिला तसंच खाली नेलं, गंगेत धरून उभं केलं, अंग पुसायला बायकांच्या हवाली केलं आणि तसंच वर आणलं. शेवटच्या दिवशी आईनं पाण्यात उभं राहून त्याला शब्द दिला, मावंद्याला तुला भर मांडवात पुरा पोशाख करीन.

आमच्याकडं काशीहून आलं की मावंदं घालतात. पै-पाहुणे बोलवायचे, पुरणपोळीचं जेवण घालायचं आणि मानाच्या माणसांना आहेर करायचा. पुरा पोशाख म्हणजे फेटा, शर्ट-पँटचं कापड, उपरणं, घरच्या बाईला साडी. जावयाला करतात तसा. आई घरी आली ती हेच सांगत आली आणि कापड आणायचं काम माझ्यावर टाकलं.

बायको म्हणाली, "अहो, त्यांनी शब्द दिलाय. द्या की. तुम्हाला काय जड जातंय?"

काय जड जात होतं ते मला ठाऊक होतं. आई त्या पाठुंगळीची गोष्ट शेजारणीला सांगत होती, दूधवाल्याला सांगत होती, गोळ्या आणायला गेली तर औषधाच्या दुकानात सांगत होती. आणि ऐकणारा प्रत्येक जण एकदा माझ्याकडं बघत होता. लिहायला लाज वाटते, पण मला त्या माणसाचा राग आला होता. जे मी करायला पाहिजे होतं ते त्यानं केलं होतं, आणि कसलाही आव न आणता केलं होतं. असल्या माणसाला मी फेटा बांधायचा, तेही पाहुण्यांसमोर. म्हणून मी कापडाच्या दुकानात गेलोच नाही. आज जातो, उद्या जातो करत मावंद्याचा दिवस उजाडला. सकाळी आईनं विचारलं, "पोशाख आणलास ना रे?" मी म्हटलं, "आणलाय."

तो सांगलीहून एसटीनं आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, हातात तासगावच्या बेदाण्यांचा पुडा. मांडवात कडेच्या खुर्चीवर बसला. जावयांचे, मेव्हण्यांचे आहेर झाले. आई आत काशीचं गंगाजल वाटत बसली होती, भोवती बायकांचा गराडा. तिथनं तिनं निरोप धाडला, आता माझ्या ट्रॅव्हल्सवाल्याचा आहेर करा. आता मात्र पंचाईत झाली. मी आतल्या खोलीत गेलो, लोखंडी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यातलं आहेराचं सामान वाटून संपलं होतं. खालच्या कप्प्यात एक जुना उशीचा अभ्रा होता, त्यात घडी घातलेले नवे टॉवेल आणि टोप्या. त्यातला एक टॉवेल उचलला, वर नारळ ठेवला आणि बाहेर येऊन त्याच्या हातात दिलं. टॉवेल तर टॉवेल, म्हटलं, ट्रॅव्हल्सवाल्याला पुष्कळ झाला.

त्यानं दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, पंगतीत जेवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून आईला नमस्कार सांगायला सांगून निघून गेला. आईला मी सांगितलं, झाला पोशाख.

चार दिवसांनी आईनं तो अभ्रा उन्हात टाकायला बाहेर काढला. त्यातलं कापड कसलं आहे हे मला तेव्हा कळलं. वडील गेले तेव्हा दहाव्याला पाहुण्यांनी जे कापड आणलं होतं, ते होतं ते. दुखवट्याचं. आई प्रत्येक घडीत चिठ्ठी घालून ठेवायची, कुठल्या घरचं ते लिहून, म्हणजे उद्या त्या घरात काही वाईट घडलं तर तसंच कापड घेऊन जाता येतं. हे कापड मंगलकार्यात काढत नाहीत. ज्याच्या घरी कुणी गेलेलं नाही त्याला तर देतच नाहीत. त्याच्या दारात मरण नेऊन ठेवल्यासारखं होतं, असं मानतात.

"लोणंदच्या पाहुण्यांचा टॉवेल दिसत नाही," आई म्हणाली.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. पोशाख आणलाच नव्हता, तेही सांगितलं. ती ओरडली नाही. अभ्रा मांडीवर घेऊन उरलेल्या घड्या नीट लावल्या. मग म्हणाली, "त्याचा बाप म्हातारा आहे. माझ्याएवढाच." आणि अभ्र्याचं तोंड बांधत, "तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हाला काय सांगायचं."

आईनं मला जन्मात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं. त्यानंतर ती माझ्याशी लागेल तेवढंच बोलायची, आणि बोलायची ते अहोजाहो करून. "चहा घेता का?" "दार लावून घ्या." बायकोला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. निवळलं नाही. एका संध्याकाळी तिनं सांगितलं, "मी गंगेत उभं राहून बोललेय. तो टॉवेल परत आणा आणि माझा शब्द पुरा करा. मी गेल्यावर करू नका, आत्ता करा."

तरी मी आठवडा घालवला. टॉवेलच तर होता, असं स्वतःला समजावत होतो. मग एक दिवस बाजारात जाऊन उत्तम पोशाख घेतला. गुलाबी फेटा, भारी शर्ट-पँटचं कापड, त्याच्या बायकोला इरकल साडी. कऱ्हाड, इस्लामपूर करत गाडी सांगलीला नेली. वाटेत मनात वाक्यं जुळवत होतो, नजरचुकीनं झालं, घाई होती, मांडवात गर्दी होती.

त्यानं मला खुर्ची दिली, चहा सांगितला. मी तोंड उघडायच्या आत ड्रॉवर ओढून एक चिठ्ठी टेबलावर ठेवली. आईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'दुखवटा, लोणंद'.

"घरी जाऊन घडी मोडली तवा गावली," तो म्हणाला. "बायकूला दावली न्हाई. म्हातारा म्हणत हुता, नवा टावेल मला दे. त्यालाबी दिला न्हाई. दुसऱ्या दिवशी किस्नंत सोडला."

मी पिशवी पुढं केली. "हे आईनं पाठवलंय. पोशाख. तो टॉवेल चुकून गेला."

"न्हाई, सर. ह्ये नगं."

"अहो, तिचा शब्द आहे."

"आजींचा शब्द मला पोचला. त्या बोलल्या तवाच पोचला. म्या काय पोशाख मागितला न्हवता. तुमी साधा टावेल दिला असता तर डोक्याला गुंडाळून गेलो असतो. कायबी दिलं नसतं तरी जेवून, आजींना नमस्कार धाडून गेलो असतो." आवाज चढला नव्हता, त्यामुळं जास्त लागत होतं. "पर तुमी काय देताय ते बघितलंसुदिक न्हाई, सर. दारात आलेल्याला कायतरी टाकायचं तसं टाकलं. आता ह्यो पोशाख घेतला तर तुमचं मन हलकं हुईल. माझं न्हाई."

माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी असं बोललं असतं तर मी वर्गाबाहेर काढलं असतं. इथं वर्ग त्याचा होता. चहा आला, तो मी कसाबसा प्यालो आणि पिशवी घेऊन उठलो.

घरी आई ओट्यावर वाट बघत बसली होती. "घेतला का?"

"घेतला," मी म्हणालो. "टॉवेल त्यानं कृष्णेत सोडला."

"चांगलं केलं." तिनं डोळे पुसले. "दमला असशील. हातपाय धू, जेवायला बस." बारा-तेरा दिवसांनी मी पुन्हा 'तू' झालो होतो. त्या एका 'तू'साठी मी आणखी दहा वेळा खोटं बोललो असतो. पिशवी गाडीच्या डिकीतच राहिली.

माझी समजूत, विषय मिटला. पण आईला आता हुरूप आला. काशी झाली, आता रामेश्वर केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, आणि शब्द फिटला म्हणजे त्याच्या गाडीत मान वर करून बसायला ती मोकळी झाली. तिनं स्वतःच फोन लावून नाव घातलं. तो हो म्हणाला. फोनवर पोशाखाचं काही निघालं नाही, पण समोरासमोर निघणार होतं. आईचा स्वभाव मला माहीत आहे. निघायच्या आदल्या दिवसापर्यंत मी विचार करत होतो, हिला खरं सांगावं का. सांगितलं असतं तर ती गेली नसती आणि मग उरल्या आयुष्यात मला 'तुम्ही'च म्हणाली असती. म्हणून गप्प बसलो.

सांगलीला स्टँडजवळ गाडी उभी होती. तो यादी घेऊन दारात उभा. आई काठी टेकत त्याच्यापुढं गेली आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "बाबा, पोशाख आवडला का तुला? कापड बरं होतं?"

त्यानं यादीतून मान वर केली. एकदा माझ्याकडं बघितलं. हा माणूस आता काहीही बोलू शकत होता आणि जे बोलेल ते खरं असणार होतं.

"लय झ्याक कापड, आजी," तो म्हणाला.

"मग घालून का आला नाहीस?"

"लेकीच्या लग्नाला राखून ठिवलंय. तवा घालणार, फेट्यासकट. तुमी यायचं लग्नाला."

आई भरून पावली. शेजारच्या बाईला म्हणाली, "माझ्या मुलानं निवडून आणला हो पोशाख." त्यानं तिला दंडाला धरून पायऱ्या चढवल्या, पुढच्या खिडकीपाशी बसवलं. मग तिच्या गोळ्यांची पिशवी घ्यायला तो माझ्याकडं आला. मी पिशवी दिली आणि हळू आवाजात म्हणालो, "तुमचे फार उपकार झाले."

"तुमच्यासाठी न्हाई बोललो, सर," तो म्हणाला आणि गाडीत चढला.