नवव्या क्रमांकावरची माती

ताई निवांत बसल्यात असं चित्र आमच्या घरात कुणाच्या डोळ्यांसमोर येणं कठीण आहे. चहा उभ्यानं, वर्तमानपत्र उभ्यानं, फोनवर बोलताना तर जिन्यावरून खालीवर. ताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. लग्न केलं नाही, आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतात आणि एका मोठ्या इस्पितळाचं औषधभांडार सांभाळतात. इस्पितळात त्यांना सगळे स्टोअरबाई म्हणतात.

ते भांडार मी पाहिलंय. तळघरात लांबच लांब खोली, लोखंडी मांडण्या, एका कोपऱ्यात घरघरणारी दोन थंड कपाटं आणि दाराशी पायांनी डुगडुगणारं टेबल. नवीन खोकी आली की हाताखालची माणसं ती समोरच लावून मोकळी होतात. ताई ती बाजूला करायला लावतात, जुना माल पुढे ओढतात आणि नवा मागे सारतात. जे आधी संपणार ते पुढे, जे टिकणार ते मागे, हा त्यांचा नियम. सव्वीस वर्षांत मुदत टळलेली एक बाटली वॉर्डात गेली नाही, हे त्या स्वतः कधी सांगत नाहीत, पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर थांबून ऐकतात.

घरीही तेच. साबण, मसाले, खोकल्याचं औषध, सगळं तारखेप्रमाणे. आमच्या ह्यांचं किल्ल्या बनवण्याचं दुकान आहे, ते बहिणीला म्हणायचे, "माझी तारीख बघून ठेवलीयस ना?"

"तुझी केव्हाच उलटली. वहिनीमुळे फेकला नाही इतकंच."

आमची मुलगी काडी. अंगानं तशी म्हणून नाव तसं पडलं. तिला लहानपणापासून मातीचं वेड. रस्त्यात कुठे खोदकाम दिसलं की थांबायची, प्रत्येक थरातली चिमूटभर माती कागदात बांधून आणायची. तिच्या खिडकीत मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या आहेत, तांबडी, काळी, राखाडी, पिवळट. मी झाडताना एकदा दोन बरण्या एकात ओतल्या, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बारावीनंतर तिला सरकारी विद्यापीठात मातीचंच शास्त्र शिकायचं होतं. ते विद्यापीठ म्हणजे मोठं नाव. फी कमी, शिक्षक चांगले, त्यामुळे हजारोंनी अर्ज येतात. बारावीचे गुण, प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत मिळून एक क्रमांक लागतो आणि त्या क्रमांकानं जागा वाटतात. मातीच्या जागा फक्त वीस.

काडीचे बारावीचे गुण बरे होते, पण डोळे दिपवणारे नव्हते. ताईंनी ते वाचले आणि त्या दिवसापासून घरात वारं शिरलं. रसायनाचा पेपर फेरतपासणीला टाकला, चार गुण वाढले. मागच्या सहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका कुठूनशा मिळवल्या. सकाळी पाच वाजता काडीच्या खोलीत दिवा लागायचा आणि ताई घड्याळ हातात घेऊन दारात.

"आत्या, तू उभी राहिलीस की मला परीक्षेआधीच घाम फुटतो."

"फुटू दे. इथे फुटला की तिथे फुटणार नाही."

परीक्षा झाल्यावर मुलाखतीची तयारी तर भांडारातच झाली. जेवणाच्या सुट्टीत तीन खोकी उलटी घालून तीन परीक्षक बसले. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई, धुलाईखात्याचा मुकादम आणि मध्ये ताईंचं रिकामं खोकं, कारण त्या फेऱ्या मारतच प्रश्न विचारत होत्या. डॉक्टरीणबाईंनी पुस्तकातलं विचारलं, ते काडीनं धडाधड सांगितलं. मग मुकादम म्हणाला, "मी आयुष्यभर चादरींतली धूळ काढतोय. मला सांग, धूळ आणि माती यांत फरक काय?"

काडी बराच वेळ विचार करून म्हणाली, "धूळ म्हणजे घर सुटलेली माती, काका."

"पुढे?"

"पुढे अजून सुचलं नाही."

"मग सुचव. हे पुस्तकातल्यापेक्षा चांगलं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तीन आठवडे काडी त्याच एका प्रश्नावर विचार करत राहिली. खऱ्या मुलाखतीत परीक्षक बाईंनी विचारलं की मातीच का, तेव्हा ती तिथूनच बोलायला लागली आणि बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. दहापैकी साडेनऊ मिळाले हे मागाहून कळलं.

पण मधलं सांगायचं राहिलं, आणि खरं तर तेच महत्त्वाचं आहे. मुलाखतीच्या आधी पसंतीचा तक्ता भरायचा होता. विज्ञानाचे एकोणीस विषय, त्यांना आपल्या आवडीप्रमाणे क्रमांक द्यायचे. ताईंनी त्यासाठी विद्यापीठात तीन खेपा घातल्या होत्या. कुठला विषय कितव्या क्रमांकाला भरला हे तीन वर्षांचं उतरवून आणलं होतं. वही उघडून त्या बोट ठेवून सांगायला लागल्या आणि काडी भरत गेली. संगणक एक. औषधनिर्माण दोन. मग कायकाय. माती नववी.

"आत्या, मला माती हवीय. ती नववी का?"

"अगं, ती कुठे पळून जातेय? आठशेच्या पुढे गेल्याशिवाय ती कधी भरलेली नाही. आणि तुझा क्रमांक साडेसातशेच्या आत येत नाही, मी हिशेब मांडलाय. जे पटकन संपतं त्याला आधी हात घालायचा. काय काय मिळतंय ते समोर येईल, मग निवड तुझी."

काडीनं माझ्याकडे पाहिलं. मी देवापुढे उभी होते, तशीच उभी राहिले. ताईंना यातलं जास्त कळतं असं मला वाटलं. काडीलाही तसंच वाटलं असावं. तिनं तक्ता पाठवून दिला.

यादी लागली त्या सकाळी आमचे हे दुकान न उघडता घरी थांबले होते. काडीचा क्रमांक चारशे दोन. ताई म्हणाल्या, "पुन्हा बघ." पुन्हा तेच. मुलाखतीनं आणि परीक्षेनं मिळून पोरीला साडेतीनशे माणसांच्या पुढे नेलं होतं. खाली एकच ओळ होती, औषधनिर्माणशास्त्र.

ह्यांनी लगेच फोन फिरवायला घेतले. "आत्यावर गेली हो पोर, औषधांतच शिरली," असं प्रत्येकाला. काडी हसत होती, म्हणजे तोंड हसत होतं.

ताई काडीचा फोन हातात घेऊन यादीवर खालपर्यंत बोट सरकवत राहिल्या. "बाकीचे कुठेत?"

"बाकीचे नसतात आत्या. वरचं मिळालं की खालचे आपोआप रद्द. एकालाच एक."

"हे कुठे लिहिलंय?"

प्रवेशाच्या पुस्तिकेत अकराव्या पानावर लिहिलं होतं. ताईंनी ते पान वाचलं होतं, खाली पेन्सिलीची रेघही त्यांचीच होती. पण आयुष्यभर ज्यांनी पुरवठादारांकडून सगळे नमुने मागवून मग निवडले, त्यांना जागाही तशाच मांडून दाखवतात असं वाटलं होतं. काडीचा क्रमांक साडेसातशेवर राहिला असता तर ती मातीतच पडली असती. त्यांच्याच मेहनतीनं ती मातीच्या वरून उडून गेली.

त्यांनी पर्स घेतली आणि विद्यापीठात गेल्या. मी आणि काडी मागोमाग.

खिडकीवरच्या कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "लोक या जागेसाठी देव पाण्यात ठेवतात बाई, आणि तुम्ही परत करायला आलात?"

"परत केली तर काय होतं तेवढं सांगा."

त्यानं सांगितलं ते असं. तीन दिवसांत, म्हणजे परवा तीनच्या आत, मिळालेली जागा पक्की करायची, नाहीतर सोडल्याचा अर्ज द्यायचा. सोडली की दुसऱ्या फेरीत नव्या पसंतीनं उभं राहता येतं. पण दुसऱ्या फेरीत फक्त उरलेल्या जागा. "मातीत जागा उरली तर तुमची मुलगी सगळ्यांच्या पुढे. उरली तर."

"आणि नाही उरली तर?"

"तर माझ्या नावानं खडे फोडू नका."

संध्याकाळी घरात जे झालं ते मी थोडक्यात सांगते. हे म्हणाले, हातातलं सोडून कुणी पळत्याच्या मागे लागतं का, औषधांत नोकरी ठेवलेली आहे, मातीत काय आहे. काडी म्हणाली, मातीत माती आहे. हे चिडले. मग ताई जिन्याच्या पायरीवरून बोलल्या.

"चूक माझी आहे. तक्ता मी सांगितला. तिनं विचारलं होतं, मी उडवून लावलं."

"चूक कसली, चांगलंच झालं. तुझ्यासारखं होईल तिचं."

"सव्वीस वर्षं मी औषधांत आहे. मला कुणी विचारून घातलं नव्हतं, वडिलांनी अर्ज आणला आणि मी सही केली. काम मी चोख केलं. पण ती मला म्हणाली होती, माती हवीय. मला कधी असं काही हवंसं वाटून सांगता आलं नाही."

हे भावंडांतलं बोलणं होतं. मी भांडी आवरायला आत गेले. थोड्या वेळानं हे आत येऊन म्हणाले, "मी काही सही करणार नाही. तुम्हा बायकांना काय करायचं ते करा." त्यांच्या भाषेत हे होकाराच्या बरंच जवळ होतं.

पुढचे दोन दिवस ताई रजा टाकून विद्यापीठाच्या मोठ्या दालनात उभ्या होत्या. मातीच्या टेबलावर किती जण जागा पक्की करतात ते बघत. यादी लागली त्या दिवशीच अकरा झाले होते. दुसऱ्या दिवशी सोळा. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला एकोणीस. विसावं कुणी येईना.

एक वाजला, दीड वाजला. मी मनात जप चालवला होता, पण काय मागावं ते कळेना. कुणाचं तरी लेकरू येऊ नये असं देवाला कसं सांगायचं? शेवटी म्हटलं, तुला दिसतंय ते बघ.

अडीचला काडी म्हणाली, "आई, देऊन टाकू." अर्जावर पालकाची सही हवी होती. मी केली. सही शाळेतल्या मुलीसारखी आली. कारकुनानं शिक्का मारला. औषधांची जागा गेली.

तीनला दहा मिनिटं होती. दालनाच्या भलत्याच दारातून एक बाई आणि तिची मुलगी आत आल्या, दोघी घामाघूम, पिशवीतले कागद अर्धे बाहेर. बाईनं समोर ताईंनाच गाठलं. "मातीशास्त्राचं टेबल कुठे हो? आम्ही मघापासून पलीकडच्या इमारतीत शोधतोय."

मी चार पावलांवर होते. ताईंचा चेहरा मला दिसत होता. त्या क्षणभर नुसत्याच त्या मुलीच्या हातातल्या चिठ्ठीकडे बघत राहिल्या. दालनात पस्तीसएक टेबलं होती, पाट्या लहान, गर्दी अशी की दहा मिनिटं सहज निघून गेली असती.

"या माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या, आणि त्या मुलीचा दंड धरून गर्दीतून वाट काढत चालू लागल्या. "बाजूला व्हा, मुदत संपतेय हिची." टेबलाशी त्यांनी तिचे कागदही क्रमानं लावून दिले.

परत आल्या आणि काडीला म्हणाल्या, "भरली. वीस झाल्या. मीच नेऊन पोचवलं तिला."

काडीचे डोळे भरले होते. तरी म्हणाली, "मग काय, उलट्या दिशेला पाठवायचं होतंस?"

"मनात आलं होतं."

"माझ्याही आलं असतं."

दुसऱ्या फेरीची यादी लागली त्यात काडीपुढे लिहिलं होतं, मातीशास्त्र, प्रतीक्षायादी, क्रमांक एक. त्यानंतरचे नऊ दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. फोन वाजला की सगळे उठायचे. ह्यांनी एकदा दुकानातून फोन केला तर काडी त्यांच्यावरच डाफरली की लाइन मोकळी ठेवा. ताई रोज संध्याकाळी इस्पितळातून परस्पर विद्यापीठात जाऊन फलक बघून यायच्या. रात्री वरच्या खोलीत त्यांची पावलं ऐकू यायची. मी एकदा वर गेले, म्हटलं, "ताई, देवावर सोडा आता."

"सोडलंय. तो काय करतोय तेवढं बघतेय."

दहाव्या दिवशी अकरा वाजता फोन आला. पक्क्या केलेल्यांपैकी एकाला दुसरीकडे हवं ते मिळालं होतं, त्यानं जागा सोडली. चारच्या आत कागद घेऊन या. काडी फोन ठेवून मटकन खाली बसली आणि मग रडली. मी त्याला देवाची कृपा म्हणते. ताई म्हणतात, दरवर्षी एकदोघं सोडतातच, त्यांच्या वहीत नोंद आहे. यावर आमचं अजून एकमत नाही, होण्याची गरजही नाही.

भांडारात फोन करून मी ताईंना सांगितलं, तर पलीकडून लगेच प्रश्न. "लेखी आहे का? तोंडी सांगितलेलं धरू नका." आणि आम्ही कागद जमवून निघायच्या आत त्या रजा टाकून तिथे पोचल्यासुद्धा. बसमध्ये असताना त्यांचा फोन आला.

"नाव लावलंय फलकावर. आत्ताच डकवलं, ओलं आहे अजून."

मागून कुणीतरी म्हणत होतं, बाई, सरका, आम्हालाही बघायचंय.

"थांबा हो जरा," ताई त्यांना म्हणाल्या, "वाचतेय मी."