फराईची वाइन आणि उल्हासनगरची कढी

फराईचा मेसेज आला तेव्हा मी माळशेजला जायचं म्हणून बाइकमध्ये हवा भरत होतो. "भाई, मुंबईत उतरलोय. उल्हासनगर कुठे आहे?" माळशेज तिथेच राहिलं.

फराई झिम्बाब्वेचा. दुबईत एका हॉटेलात आम्ही दोघं प्लेटा उचलायचो, किचनमधलं हिंदी तो तिथेच शिकला. मी कंटाळून परत आलो, तो टिकला आणि सॉमेलिए झाला, म्हणजे कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाइन ते पाहुण्याला सांगणारा. आता दक्षिण आफ्रिकेत द्राक्षं विकत घेऊन स्वतःची वाइन बनवतो. त्याच्या गावात द्राक्षाचा वेलसुद्धा नाही. पण तिकडची अशी बरीच पोरंपोरी आता लंडन-पॅरिसच्या हॉटेलांत स्वतःच्या नावाची बाटली विकतात. भारतात मात्र त्याला अजून कोणी दारात उभं केलं नव्हतं. उल्हासनगरचे एक शेठ परदेशी वाइन मागवून हॉटेलांना पुरवतात, ते गुरुवारी चारला भेटणार होते. शुक्रवारी त्याचं विमान. सँपलच्या बाटल्या दोनच.

बुधवारी तो आमच्याकडे बदलापुरात, शिरगावला राहिला. सकाळी बघतो तर बाटल्या गायब.

"आई, इथली पिशवी?"

"गायकवाडांकडे दिली. मार्गशीर्षातला गुरुवार आहे, घट मांडलाय. देवीसमोर दारू ठेवू?"

शेजारचे गायकवाडकाका खूश होते. "पहाटेच फ्रीजरमध्ये टाकल्यात. पाहुण्याला काय गरम पाजतोस?"

एकीचं बूच उडून सगळी वाइन मटारच्या पाकिटांवर गोठली होती. दुसरी शाबूत, पण आत नुसता बर्फाचा चुरा. फराई काकांना थँक्यू म्हणाला, बाटली टॉवेलात गुंडाळली. "हळू वितळू दे. ऊन नको."

अंबरनाथपर्यंत रिक्षाने गेलो (भाडं आधी ठरवा, नंतर तोंड वाजवून उपयोग नसतो). वेळ होता म्हणून शिवमंदिराकडे वळलो. फराई बाहेरच झाडाखाली बसला. "तुझ्या आईने घरात ठेवली नाही, मी देवळात नेऊ?" मी आत गेलो आणि हरवलोच. भिंतीवर इंचभर जागा कोरीवकामाशिवाय नाही. जाल तर सकाळी जा, दुपारी पायाखालचा दगड तापतो. बाहेर येऊन वडापाव, मग दुसरा वडापाव, मग एका माणसाशी जुन्या बुलेटवर गप्पा. शेवटी फराईचा फोन. "भाई, शेठ थांबणार नाही."

उल्हासनगरला शेठचं ऑफिस खाली, घर वर. सिंधी घरात आधी पापड आणि पाणी, धंदा नंतर. फराईने वाइन ओतली. ग्लासच्या तळाशी पांढरे चमकदार कण.

शेठने ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला. "साईं, ये तो काच है."

मी हातातला पापड खाली ठेवला.

"काच नहीं, शेठजी," फराई म्हणाला. "द्राक्षाचाच खार आहे. फार थंडी लागली की तळाला बसतो. इमलीत असते ना, तीच खटास." आणि त्याने एक कण बोटावर घेऊन चावला.

शेठनेही चावला. बराच वेळ जीभ फिरवली. मग आत हाक मारली, "अरी सुनो, दोपहर की कढी बची है क्या?"

बेसनाची, चिंचेची, भेंडी-शेवग्याची सिंधी कढी आली. शेठ एक घोट कढी, एक घोट वाइन, परत कढी. शेठाणींनी ग्लास ओढला. "मला पण दे. कढी कोणी केली?" त्यांनी चव घेतली आणि म्हणाल्या, "पापडाबरोबर पण चालेल."

"थोड्या पेट्या भेज," शेठ म्हणाला. "चालल्या तर पुढचं बोलू."

खाली येईपर्यंत फराई एकदम ताठ. रिक्षात बसल्यावर त्याने डोकं मागे टेकलं आणि हसतच सुटला.

घरी आईने प्रसाद दिला. गायकवाडकाका दारातच उभे. "काय, थंड लागली ना?"

"एकदम, काका," फराई म्हणाला. "तुमच्या फ्रीजरमुळेच काम झालं."

'बघ, मी म्हटलं नव्हतं?' अशा नजरेने काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली.

पहिला माल निघाल्याचा फोटो परवा आला, तो आईलाही दाखवला. रिकामी बाटली धुऊन तिने केव्हाच त्यात मनीप्लांट लावलाय, खिडकीत छान दिसतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मात्र ती बाटली अजून गायकवाडांकडे जाते.