कबर नव्हे, हौद

नोकरीतून निवृत्त झाल्यावर माझ्या वडिलांनी, अण्णांनी, माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "एकदा मुंबईचा समुद्र दाखव." जन्म फुलंब्रीचा, सारी नोकरी औरंगाबादच्या तहसील कचेरीत, समुद्र पाहायचा योग कधी आलाच नव्हता. मी तेव्हा शाळेत इतिहास शिकवत होते. दिवाळीच्या सुटीत मनमाडला गाडी बदलून आम्ही दोघं मुंबईत उतरलो.

पहिल्या दिवशी गेटवे पाहिला आणि लाँचमध्ये बसून घारापुरीला गेलो. वेरूळ अण्णांच्या पायाखालचं. तरी त्या तीन मुखांच्या महादेवापुढं ते बराच वेळ उभे राहिले. "वेरूळवाल्यांची भावकीच दिसते ही," म्हणाले. परतताना लाटेचं पाणी तोंडावर उडालं, ते त्यांनी पुसलं नाही. जिभेनं चाखून पाहिलं आणि माझ्याकडे बघून हसले.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या संग्रहालयात गेलो. नाव सांगत नाही.

त्याआधी अण्णांच्या शिक्षणाबद्दल सांगायला हवं. ते निजामाच्या राज्यात शिकले, म्हणजे उर्दूतून. फार्सीही शिकले, आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. पोलीस ॲक्शननंतर निजामाचं राज्य गेलं, कचेरीचा कारभार मराठीत आला आणि त्यांची सारी विद्या कवडीमोल झाली. तिशीतला माणूस माझ्या थोरल्या बहिणीची पाटी घेऊन तिच्याबरोबर बाराखडी गिरवायचा. पुढं शेवटपर्यंत त्यांचं मराठी अक्षर लहान मुलासारखंच राहिलं. कचेरीतली नवी पोरं त्यावर हसायची. 

संग्रहालयाच्या मागच्या व्हरांड्यात काळ्या दगडाची एक शिळा ठेवली होती. खाली पाटी होती : 'कबरीवरील लेख, दख्खन.' अण्णा वाकले आणि पुटपुटत वाचू लागले. मग सरळ होऊन म्हणाले, "ही कबर नाय. हौदाची पाटी हाय ही."

"कशावरून?"

"लिहिलंच आहे की. हा 'हौज', हा 'आब', म्हणजे पाणी. अन् हा 'वक्फ'. हौद बांधून सगळ्यांसाठी सोडला, असं आहे. वाटसरूला, जनावराला, कुणालाही पाणी अडवू नये. कबरीचं नावसुद्धा नाय यात."

झिजलेलं एक अक्षर नीट दिसेना म्हणून त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. तेवढ्यात पहारेकरी धावत आला. "ए म्हाताऱ्या, हात काढ. वाचता येत नाही का, काय लिहिलंय ते?"

सूचना इंग्रजीत होती. चार पावलांवर कॅमेरा गळ्यात अडकवलेला एक परदेशी पाहुणा तिथल्या दगडी नंदीला टेकून फोटो काढून घेत होता. त्याला कुणी हटकलं नाही. मी पहारेकऱ्याला ते दाखवलं आणि साहेबांना भेटायचंय म्हणून सांगितलं. अण्णा माझा पदर ओढत होते. "चल बाई, कशाला उगीच."

साहेब माझ्याच वयाचे होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि शिपायाला म्हणाले, "आजोबांना बाहेर बाकावर बसव, दमले असतील."

"सांगायचं त्यांनाच आहे," मी म्हटलं.

अण्णांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "फार्सी कुठल्या विद्यापीठात शिकलात?"

"फुलंब्रीच्या शाळेत, मग औरंगाबादला."

साहेब हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना उर्दू येत असेल, त्यामुळे गैरसमज होतो. हे तज्ज्ञांचं काम आहे, बाई."

समोर उभ्या असलेल्या माणसाविषयी ते माझ्याशी बोलत होते, जणू अण्णा खोलीत नव्हतेच. माझे कान तापले. "पण त्यांनी आत्ता वाचून दाखवलं," मी म्हटलं, तर त्यांनी लेखी अर्ज करायला सांगितलं आणि फोन उचलला.

घरी आल्यावर मी अण्णांना कागदावर मूळ ओळी उतरवायला लावल्या. शिळेवरची प्रत्येक ओळ त्यांना पाठ होती. खाली त्यांनी आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात अर्थ लिहिला. मी पत्र जोडून ते पाठवलं. उत्तर एका ओळीचं आलं : आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

पुढं तीन-चार वर्षांनी शाळेच्या मुलींची सहल घेऊन मी त्याच व्हरांड्यात गेले. पाटी बदलली होती. 'हौदावरील लेख.' खाली चार ओळींचा मराठी अर्थ होता आणि तो शब्दन् शब्द अण्णांचा होता. 'पाणी समस्तांस मोकळं' असं त्यांनी लिहिलं होतं. ते 'मोकळं'सुद्धा तसंच, अनुस्वारासकट. शेवटी छापलं होतं, 'वाचन : तज्ज्ञ समिती.'

मुली नंदी बघत होत्या. मी त्यांना हाक मारून जवळ बोलावलं आणि मोठ्यानं सांगितलं की हे वाचन माझ्या वडिलांचं आहे, कुठल्या समितीचं नाही. पहारेकऱ्यानं आवाज कमी करा म्हटलं. मी केला नाही.

अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "अर्थ बरोबर छापलाय ना?"

"हो. पण तुमचं नाव नाही."

"दगडाचं काम झालं. आता तू पत्र-बित्र लिहू नको."

मी त्यांना न सांगता पत्र टाकलं. उत्तर आलं नाही म्हणून दुसरं टाकलं, तिसरंही टाकलं. अण्णा गेले. समितीचं नाव अजून तिथंच आहे, आणि लोक मला म्हणतात, एवढ्या जुन्या गोष्टीचा काय राग धरायचा. मी धरते.