गंधारच्या नावाचं पान

ऋजुता रत्नागिरीजवळच्या हातखंब्याची. हमरस्त्याच्या तिठ्यावर तिच्या वडिलांचं चहा-भजीचं हॉटेल होतं. ट्रकवाल्यांच्या हाकाट्यांत, तेलाच्या वासात, मागच्या बाकड्यावर बसून तिने अभ्यास केला. पुढे रस्ता रुंद झाला आणि हॉटेल गेलं, पण तोवर मुलगी इलेक्ट्रॉनिक्स शिकून पुण्याला नोकरीला लागली होती. तिथेच तिला गंधार भेटला. तो नाचण्याचा, म्हणजे रत्नागिरीतलाच. दोघांच्या घरांमध्ये एक एस.टी.चा फेरा, आणि ओळख व्हायला घाट चढून पुण्याला जावं लागलं, असं गंधारचे वडील गोपाळकृष्ण लग्नात सगळ्यांना सांगत फिरले होते.

कंपनी लहानशी होती. तळहाताएवढे संगणक बनवायची. नुसते हिरवे बोर्ड, त्यांना ना पडदा ना कळफलक. कुणी ते पाण्याच्या पंपात बसवी, कुणी दुधाच्या टाकीवर. असा बोर्ड विकत घेणाऱ्याला तो कसा चालवायचा हे पायरीपायरीने सांगणारी पानं कंपनीच्या संकेतस्थळावर असत. ती पानं गंधार लिहायचा. ऋजुता बोर्डांच्या चाचण्या करायची. टाळेबंदीत दोघं घरून काम करायला म्हणून रत्नागिरीला आली ती परत गेलीच नाहीत. गंधारच्या खोलीत दोन टेबलं लागली. दिवसभर दोघांची कुजबूज चाले, मधूनच हशा पिके, आणि स्वयंपाकघरात गंधारच्या आईला, उमाला, उगीचच बरं वाटे.

गेल्याच्या आदल्या वर्षी श्रावणात गंधार मागच्या नारळी-पोफळीच्या आगरातला तुंबलेला पाट मोकळा करायला पाण्यात उतरला. पायाला कुठेतरी खरचटलेलं होतं. ताप आला, साधाच वाटला. साचलेल्या पाण्यातून जडणारा लेप्टो असल्याचं कळेपर्यंत मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. कोल्हापूरला नेलं. तिथून त्याला परत आणलं ते उमाने धड पाहिलंही नाही.

सून घरात राहिली. तिच्या आईवडिलांनी दोनदा येऊन न्यायचं बोलणं काढलं. "बघू," एवढंच ती म्हणाली. मुळातच कमी बोलणारी, त्यात आता घरात कुणीच फारसं बोलत नव्हतं. कंपनीने गंधारची पानं तिच्याकडे सोपवली. ती त्याच्या टेबलाशी बसू लागली. स्वतःचं टेबल तिने कपड्यांच्या घड्या ठेवायला घेतलं.

ती कामाला बसली की उमा दाराशी घुटमळायची. पोर जेवली का, रडते का, उद्या उठून निघून जाईल का, हे सगळं तिला त्या पाठमोऱ्या मानेवरून ओळखायचं असे.

"अगो, काम करू दे तिला," गोपाळकृष्ण ओटीवरून म्हणायचे. "तू काय तिथे पहाऱ्याला उभी?"

"तुम्ही पेपर वाचा."

"वाचतोच आहे. कालचा आहे, तरी वाचतो आहे."

यंदा होळी झाली आणि ऋजुताचं काम एकदम वाढलं. चहाचा कप ठेवता ठेवता उमाने विचारलं, "एवढं काय आलंय गो?"

"कर्नल बदलतोय, आई."

उमा बी.एस्सी. झालेली, शाळेत पुष्कळ वर्षं विज्ञान शिकवलेली. तिला अर्धवट सांगून भागत नसे, हे ऋजुताला ठाऊक होतं. तिने खुर्ची वळवली. कर्नल म्हणजे बोर्डातला मुकादम. तारा, दिवे, पंखे, पडदे सगळे त्याच्या हुकमात. आपण त्याला सांगायचं, तो त्यांना सांगणार. आजवर प्रत्येक बोर्डावर जुना मुकादम येत होता. आता कंपनी मुळातच नवा घालून देणार, सहा-बारा नावाचा. त्याच्या काही रीती वेगळ्या. म्हणून सगळी पानं पुन्हा तपासायची.

"सगळी?"

"गंधारचा नियम होता ना. जे स्वतः बोर्डावर चालवून पाहिलं नाही ते लिहायचं नाही. आणि ज्याने पाहिलं त्याचं नाव पानाखाली." तिने पडद्यावर एक पान खाली सरकवून दाखवलं. तळाशी बारीक अक्षरात ओळ होती. तपासणाऱ्याचं नाव, शेजारी कर्नलचा आकडा. "मी एकेक पान चालवून बघत्येय. झालं की खाली माझं नाव."

"म्हणजे त्याचं जाणार."

ऋजुताने खुर्ची पुन्हा पडद्याकडे वळवली.

त्या दिवसापासून उमा दाराशी उभी राहायची ती निराळ्या कारणाने. रोज दोन-चार पानं व्हायची, आणि रोज दोन-चार ठिकाणांहून गंधार पुसला जायचा. त्याचे शर्ट उमाने कधीच वाटून टाकले होते. गाडी विकली होती. त्या वेळी तिने दात आवळून धरले होते. पण ही नावं तिकडे जगभर कुणीतरी वाचतं, आज वाचतं, गंधार म्हणून कुणी आहे असं समजून वाचतं, ही कल्पना तिला फार मोठा आधार होऊन बसली होती, हे तिला आत्ताच कळत होतं.

शेवटी एक पान उरलं. बोर्डाच्या पिनांना दिवा किंवा पंखा जोडून तो चालूबंद कसा करायचा, त्याचं. उमाने ते खुर्ची ओढून बसून वाचलं. इंग्रजीत होतं, पण बोलणं त्याचंच. मधेच लिहिलं होतं: दिवा लागला नाही तर घाबरू नका. तार नीट बसली आहे का पाहा. बसली असेल तर दोष माझ्या लिहिण्यात असेल, मला कळवा.

ताप चढलेला असतानाही तो असंच म्हणाला होता. घाबरू नको आई, आधी थर्मामीटर नीट बघ.

"हे एक राहू दे गो," उमा म्हणाली. "ह्याला हात लावू नकोस."

"आई, तपासायला हवं ते."

"तपासलंय ना त्यानं. दिवा लावायचा त्यात काय बदलणार आहे? एक पान. मी तुझ्याकडे दुसरं काही मागितलंय का कधी?"

ऋजुताने एकदा पडद्याकडे पाहिलं. मग तिने ते पान न तपासताच मिटलं. सगळ्या पानांवर कर्नलचा आकडा एकाच जागेहून येत असे. तिथे एकदा बदलला की सगळीकडे आपोआप बदले. तो तिने बदलला आणि पानं पाठवून दिली. त्या रात्री ती जेवताना उमाच्या ताटात आपणहून आमटी वाढती झाली. उमाला वाटलं, घर पुन्हा जरा सावरतंय.

आंब्याच्या पेट्या भरायचे दिवस आले तेव्हा फोन आला. दुपारची वेळ. ऋजुता बोर्डावर काहीतरी जोडत होती, हात गुंतलेले, म्हणून तिने फोन टेबलावर ठेवूनच आवाज मोठा केला. उमा तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मॅडम, मी दर्शन. कुडाळहून बोलतंय, कंपनीतून नंबर गावलो. आमी काजू सुकवायची मशिनं बनवतो, त्यात तुमचो बोर्ड..." मुलगा घाईने बोलत होता, मालवणी आणि पुस्तकी मराठी एकमेकांत मिसळत. "पंखो फिरनाच नाय, मॅडम. मी तुमचं पिनांचं पान अक्षर न् अक्षर केलंय. तार बघितली. बोर्ड बदलला. दुसरा पण बदलला. शेट म्हणतत, तुका येना नाय तर तसा सांग, मी दुसरो माणूस बघतंय. महिनो पण झालो नाय मॅडम माका कामाक लागान."

"कुठला कर्नल आहे?" ऋजुताने विचारलं. हातातली तार तिने खाली ठेवली.

"सहा-बारा. म्हणूनच तर पान पक्कं धरलं. खाली लिहिलंय ना, सहा-बारावर तपासलंय, गंधार सरांनी. त्यांनीच लिहिलंय चूक असेल तर कळवा म्हणून. मॅडम, त्यांचा नंबर मिळेल काय? दोन मिनिटंच बोलेन."

घडी घातलेला टॉवेल उमाच्या हातात तसाच राहिला.

"ते... आत्ता नाहीत," ऋजुता म्हणाली. "मी बघते. आजच कळवते तुम्हाला." आणि तिने फोन बंद केला.

मग ऋजुताने पान उघडलं आणि पानात सांगितलेली आज्ञा स्वतःच्या बोर्डाला दिली. बोर्डाने ती नाकारली. नव्या मुकादमाने सगळ्या पिनांना नवे क्रमांक दिले होते. गल्लीतल्या घरांचे आकडे बदलावेत आणि पत्र जुन्याच आकड्यावर टाकत राहावं तसं ते पान पोराला फिरवत होतं.

उमा उठून जवळ आली. पानाच्या तळाशी तिने बोट ठेवलं. "हा आकडा... हा कर्नल कधीचा?"

"तो गेल्यानंतरचा."

"मग त्यानं तपासला कसा?"

"नाहीच तपासला, आई. आकडा सगळीकडे आपोआप बदलला. नाव मी ठेवलं. माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलंही असेल. बघितलं नाही मी."

शाळेत प्रयोग न करता निरीक्षण लिहून आणणाऱ्या मुलांना उमा वर्गाबाहेर उभं करायची. गंधारही एकदा उभा राहिला होता, स्वतःच्या आईच्या वर्गाबाहेर, सातवीत. त्यानंतर त्याने न पाहिलेलं कधी लिहिलं नाही. आणि आता त्याच्या नावाने, त्याच्या मागे, न पाहिलेलं लिहिलं गेलं होतं. कुडाळातल्या कुणा पोराने सरांवर विश्वास ठेवून नोकरी पणाला लावली होती. त्याचीही आई असेल. आज तो डबा न खाता बसला असेल.

"मी मागितलं म्हणून झालं हे," उमा म्हणाली.

"मी ऐकलं म्हणून झालं."

ओटीवरून गोपाळकृष्ण आत आले होते. ते दोघींकडे बघत म्हणाले, "आता वाटण्या करत बसणार का? त्या मुलाचा पंखा फिरवा आधी." आणि तसेच माघारी गेले. त्यांच्या चपला फरशीवर जरा जास्तच वाजल्या.

ऋजुताने कोरा बोर्ड काढला. पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. उमा शेजारी बसून पान मोठ्याने वाचत गेली, ऋजुता करत गेली, जिथे अडलं तिथे बदलत गेली. पिनांना आकड्यांऐवजी नावाने हाक मारायची नवी रीत होती, ती तिने लिहिली. घाबरू नका, ह्या वाक्याशी आल्यावर ती थांबली.

"हे काढू?"

"कशाला? बरोबरच आहे ते. फक्त आता दोष तुझ्या लिहिण्यात असेल."

दिवा लागला. बारीकसा, तांबडा. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. आनंद वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पान अजून जगाला दाखवायचं होतं, पण ऋजुताने मजकूर आधी दर्शनला पाठवला. संध्याकाळी, दिवेलागणीला, त्याचा फोन आला; ऋजुताने पुन्हा आवाज मोठा केला. ह्या वेळी पलीकडून घरघर ऐकू येत होती.

"मॅडम, फिरलो! ऐकतास? शेट पण हंयच असत! सरांका सांगा हां, त्यांचं पान एकदम भारी. बाकी कुणी असं समजावून लिहीत नाय. सांगा त्यांका, पंखो फिरलो म्हणून."

ऋजुताने उमाकडे पाहिलं. फोन हातात तसाच. उमाने तो तिच्या हातून घेतला.

"दर्शन, ते नाही सांगता येणार रे, बाळा. मी त्याची आई बोलत्येय. गंधार गेला. ह्या श्रावणात दोन वर्षं होतील."

पलीकडे घरघर बंद झाली. कुणीतरी पंखा बंद केला असावा.

"काकी... माका म्हायत नव्हतां. मी दुपारधरना सर सर करतंय..."

"तुला कसं माहीत असणार? पानावर नाव होतं. पण ऐक. जे पान चुकलं ते त्यानं तपासलेलं नव्हतं. त्याच्या वेळचा कर्नल निराळा होता, त्याच्यावर ते बरोबर होतं. हा नवा त्यानं पाहिलाच नाही. तुझ्या शेटनाही सांग. त्याची चूक नव्हती."

"सांगतंय, काकी."

"जेवलास का?"

"नाय अजून."

"जेव."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की 'गंधार गेला' हे शब्द आज पहिल्यांदा तिच्या तोंडून निघाले. आजवर दुसरेच कुणीतरी ते सांगायचे आणि ती मान खाली घालायची.

ऋजुता पडद्यासमोर बसली होती. तळाच्या ओळीत गंधारचं नाव अजून होतं.

"आई, तुम्ही आत जा हवं तर."

"नको. कर तू. मी बसल्येय."

ऋजुताने नाव खोडलं. एकेक अक्षर मागून पुढे जात नाहीसं झालं. तिथे तिने स्वतःचं लिहिलं आणि पान पाठवलं. मग तिने ते पुन्हा उघडून उमाला पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवलं. उमाने चष्मा लावून सगळं वाचलं, तळाच्या ओळीसकट.

"जुनी पानं?" तिने विचारलं.

"आहेत. ज्यांच्याकडे जुना कर्नल आहे त्यांच्यासाठी. वेगळ्या पत्त्यावर असतात, सहसा कुणी जात नाही तिकडे. त्याचं नाव, त्याचा आकडा, सगळं तसंच आहे." ऋजुता जरा थांबली. "त्या कर्नलची मुदत आहे तोवर. मग तीही काढतात."

ती कधीपर्यंत आहे, हे ऋजुताला माहीत असणार. उमाने विचारलं नाही. तिने चष्मा पुसला, टेबलावरच्या घड्या उचलल्या आणि ऋजुताच्या त्या जुन्या टेबलाचा कोपरा कपड्यांखालून मोकळा करायला लागली.